सॅम्पलबरहुकूम बर्फ

२ डिसेंबर

मिल सुटली. सुटली म्हणजे मी सोडली; निदान सगळ्यांना तसंच सांगायचं आहे. सुरतेत पांडेसऱ्याच्या त्या लॅबमध्ये उमेदीची सगळी वर्षं मी शेड मॅचिंग केलं. व्यापारी कापडाचा एक तुकडा देतो, त्याला सॅम्पल म्हणायचं, आणि त्याच्या रंगाशी तंतोतंत जुळवून अख्खा माल रंगवून काढायचा. माझ्या हातचा माल कधी परत आला नाही. तरी लॅबचा साहेब कोण झाला? शेठच्या मुलीचा दीर, ज्याला मोरपंखी कुठला आणि हिरवा कुठला हे बायकोला विचारावं लागतं.

शेठचा धाकटा मुलगा हितेन मात्र वेगळा आहे. त्याला स्कीइंगचं वेड. पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरायचं, तेही सगळे घसरतात त्या मळलेल्या उतारावरून नाही, तर रानातून, झाडांच्या मधून, जिथे कुणाची रेघ उमटलेली नाही तिथून. त्यासाठी नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ लागतो, त्याला हे लोक पावडर म्हणतात. तो कधी आणि किती पडणार हे आधी कळलं, तर सुरतेतले हौशी लोक विमान पकडून गुलमर्गला पोचतात. या हौशीचाच धंदा करायला हितेनने वेसूला ऑफिस थाटलं, आणि अंदाज सांगायला मला बोलावलं. कुठल्या दिवशी कापड वाळणार नाही हे मी मिलमध्ये आधी सांगायचो, ते त्याच्या लक्षात होतं. "पंडितभाई, तमे तो हवामान खातुं छो," म्हणाला; म्हणजे तुम्ही तर हवामान खातंच आहात. अमळनेरच्या कॉलेजातलं माझं फिजिक्स शेवटी कुणाला तरी आठवलं.

५ डिसेंबर

काम माझ्या डोक्याजोगं आहे. पश्चिमेकडून वारे ढग घेऊन हिमालयावर आदळतात. त्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर मिळतात, एक युरोपवाल्यांचा, एक अमेरिकेचा, आणि दोघांचं कधी पटत नाही. ढगात पाणी किती ते नकाशा सांगतो. त्या पाण्याचा बर्फ किती होणार हे माणसाने ठरवायचं. हवा कोरडी आणि कडक थंड असेल तर बर्फ फुगतो, एका इंच पाण्याचा वीस इंचही होतो. हवा दमट असेल तर त्याच पाण्याचा जेमतेम निम्मा, आणि तोही चिकट.

बायकोला, सुंदराला, हे समजावून सांगत होतो. ती साड्यांना लेस लावत बसली होती. म्हणाली, "बर्फ भुसभुशीत कसा असेल? फ्रीजमधला तर दगड असतो." मी हात टेकले. लिंबायतच्या या दोन खोल्यांत विज्ञान कुणाशी बोलायचं?

९ डिसेंबर

नकाशे खरे ठरतात की नाही हे पाहायला तिथे, प्रत्यक्ष बर्फावर, एक माणूस हवा. हितेनने विचारलं, आहे का कुणी? मी म्हणालो, आहे, स्थानिक निरीक्षक आहे.

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ आनंदा. गुजराती टूरवाले आपल्या माणसांना तिकडे डाळ-भात-शाक मिळावं म्हणून इथून स्वयंपाकी नेतात, तशा एका ठेकेदाराच्या रसोड्यात तो हिवाळाभर गुलमर्गला कांदे चिरतो. गेली दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. गावच्या घराच्या वाटणीत तो मला उलटून बोलला, म्हणजे रडला. माझ्या दृष्टीने ते एकच. हितेनला भाऊ म्हणून सांगितलं नाही. माझा सख्खा भाऊ रसोड्यात भांडी घासतो हे वेसूच्या काचेच्या ऑफिसात कशाला? आणि घरचाच माणूस म्हटल्यावर आकड्याला वजन राहत नाही.

फोन केला तर आनंदाला इतका आनंद झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं. "भाऊ, तुना फोन उना!" हेच तीनदा म्हणाला. काम सांगितलं: रसोड्यामागे मोकळ्या जागी एक फळी ठेवायची, सकाळी तिच्यावरचा बर्फ मोजायचा, मला सांगायचं, आणि फळी पुसून पुन्हा ठेवायची. "हा भाऊ," म्हणाला.

१४ डिसेंबर

आनंदाने फळी म्हणून पालथा पोळपाट ठेवला आहे आणि बोटांनी मोजतो. म्हणे, बोट बुडतं तितकं सांगतो. मी शिव्या घातल्या. तर म्हणाला, "भाऊ, मन्ही बोटं तुले ठाऊक शेतस." आता काय बोलणार! हितेनसाठी बोटांचे इंच मीच करतो.

१९ डिसेंबर

माझा अंदाज होता एक वीत. आनंदाने सांगितलं, "चार बोट बरफ पडना, भाऊ." मी म्हटलं, पुन्हा मोज. वाऱ्याने उडाला असेल, झाडाखाली ठेवला असशील, जागा बदल. तो गेला, येऊन म्हणाला, चारच बोटं. मी म्हटलं, तिसऱ्यांदा जा. या खेपेला फोनवर नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी चारच बोटं हितेनला कळवावी लागली. हितेनने तोंड वाकडं केलं नाही, पण हसलाही नाही.

आनंदाला आकड्यांचं गांभीर्य नाही. मिलमध्ये आम्ही कारागिराला सॅम्पल न देता माल रंगवायला घेऊ देत नसू. समोर सॅम्पल असलं की माणूस नीट बघतो. आनंदाच्या हातात सॅम्पल नाही, म्हणून तो भरकटतो.

२० डिसेंबर

उपाय सापडला. रोज सकाळी आनंदा उठायच्या आधी मी त्याला माझा अंदाज पाठवणार. 'आज एक वीत.' 'आज अर्धी वीत.' म्हणजे काय पाहायचं आहे हे त्याला आधी ठाऊक असेल. इतकी साधी गोष्ट आधी सुचली नाही.

२४ डिसेंबर

आनंदाचा आकडा पुन्हा कमी. पुन्हा मोजायला पाठवलं. चिडलो, बोलू नये ते बोललो: "आयुष्यात एक तरी काम नीट कर. माझी नोकरी तुझ्या बोटांवर आहे."  तो म्हणाला, बुटात पाणी जातं. मी म्हटलं, ठेकेदाराला सांग, बूट देणं त्याचं काम आहे.

२७ डिसेंबर

जुळला! अंदाज एक वीत दोन बोटं, आनंदाचा आकडा एक वीत दोन बोटं. हितेनने सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. "एकदम सचोट, पंडितभाई!" सचोट म्हणजे अगदी बिनचूक. घरी येताना अर्धा किलो माव्याची सुरती घारी घेतली. सुंदराने कौतुकाने खाल्ली, पण विचारलं काय, तर आनंदा भाऊजी जेवले का.

२ जानेवारी

आठवडाभर रोज जुळतंय. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. माणसाला एकदा शिस्त लावली की लागते, लावणारा हवा. आनंदाचे फोनही आता आटोपशीर झालेत. आधी रसोड्यातल्या गप्पा सांगत बसायचा, कोणत्या शेठाणीला भाजीत गूळ कमी पडला वगैरे. आता मी आकडा म्हणतो, तो "हा भाऊ, तितलाच शे" म्हणतो, की संपलं.

८ जानेवारी

आज एक धाडस केलं. एका इंच पाण्याचे मी आजवर पंधरा इंच धरत होतो, ते वीस केले. थंडी कडक आहे, बर्फ फुगणारच. आणि आनंदाचा आकडा वीसच्या हिशेबालाही बरोबर जुळला! युरोपवाले चूक, अमेरिकावाले चूक, पांडेसऱ्याचा पंडित बरोबर. हे मी अहंकाराने लिहीत नाही. खरं आहे ते लिहितो.

सुंदरा म्हणाली, "भाऊजींचा आवाज बरा नाही येत." मी म्हटलं, आवाजाचं काय करायचंय, आकडे बघ ना. तिने लोकरीचे मोजे विणलेत. हितेनचे कुणी जाणार असले तर पाठवा म्हणते. रसोड्यातल्या माणसासाठी हितेनच्या माणसांकडे मोजे कसे द्यायचे? टेबलाच्या खणात ठेवलेत.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळी सुरत गच्चीवर. हितेनच्या गच्चीवर मलाही बोलावणं होतं, म्हणजे आता मी त्यांच्यातला. उंधियू, जिलेबी, वरती पतंगांची मारामारी. हितेनने ओळख करून दिली, "आमचे हवामानवाले." केयूर नावाचा त्याचा लहानपणचा मित्र, कतारगामला हिऱ्याचं कारखानदार घराणं, माझा हात सोडेना. म्हणाला, "काका, यंदा कुठल्या आठवड्यात जायचं ते तुम्हीच सांगायचं." त्याला नुकतंच मिसरूड फुटल्यासारखं वाटतं, पण घरी दोन वर्षांची मुलगी आहे. तो मुलीला खांद्यावर घेऊन पतंग उडवत होता. बरा वाटला पोरगा.

१९ जानेवारी

पेपरात आलंय की काश्मिरात यंदा हिवाळा कोरडा जातोय. ऑफिसात ते कात्रण कुणीतरी माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी हितेनला सांगितलं, पेपरवाला श्रीनगरच्या बाजारात उभा राहून लिहितो. आपला माणूस रोज बर्फात हात घालतो. हितेनला पटलं.

२६ जानेवारी

आनंदाला म्हटलं, फळीचा फोटो पाठव, हितेनला दाखवू. म्हणाला, मोबाइलची काच फुटलीय. घे, याच्या मोबाइलचीही काळजी आता मीच करू.

१ फेब्रुवारी

मोठा झंझावात येतोय. दोन्ही नकाशांचं पहिल्यांदाच एकमत. हितेनने विचारलं, वरचा ताजा सोडा, खाली जुना बर्फ किती साचलाय? रानातून घसरायचं तर तेच महत्त्वाचं. खाली पुरेसा थर असला तर दगड, ओंडके, झाडांची खोडं सगळी गाडली जातात; नसला तर वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं आणि फळी दगडावर जाते.

आनंदाचे सगळ्या हिवाळ्याचे आकडे मी मांडले, दबून बसणारा भाग वजा केला. माणसाच्या छातीइतका थर आला. तरी खात्री म्हणून आनंदाला फोन केला. "माझ्या हिशेबाने छातीइतका आहे. बरोबर?" बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "हा भाऊ. छातीइतला शे."

३ फेब्रुवारी

मंडळी उद्या निघतात. हितेन, केयूर आणि आणखी सहा.

संध्याकाळी सुंदरा म्हणाली, आनंदा भाऊजींचा मला फोन आला होता. ते विचारत होते, ती माणसं खरोखरची येणार आहेत का? मी म्हटलं, मग काय चित्रातली येणार? ती म्हणाली, "अहो, ते घाबरल्यासारखे वाटले. तुम्ही एकदा निवांत बोला ना त्यांच्याशी." मी म्हटलं, आठ माणसांचा स्वयंपाक वाढेल म्हणून घाबरलाय, कामचुकार. तरी तिच्यासाठी फोन लावला. म्हटलं, काय रे, काही सांगायचंय? "नही भाऊ," म्हणाला. "तुनं नाव खराब नको व्हवाले." मी म्हटलं, कशाने होईल? तो म्हणाला, "कशानीच नही."

७ फेब्रुवारी

बर्फ पडला. सहा दिवसांपूर्वी सांगितला तसा, त्याच दिवशी पडला. हितेनचा सकाळी मेसेज: 'जन्नत.' आज रानात उतरणार. ऑफिसात मी पेढे वाटले.

८ फेब्रुवारी

काल दुपारी केयूर दगडावर आदळला. वर ताजा बर्फ होता वीतभर, आणि खाली काही नव्हतं. गवत होतं, म्हणे. गवत आणि दगड. फळी अडकली, तो पुढे फेकला गेला, पाठीवर पडला. श्रीनगरच्या इस्पितळात आहे. कमरेखाली पाय हलत नाहीत.

हितेन फोनवर ओरडत नव्हता, त्याचीच भीती वाटली. म्हणाला, "इथल्या गाइडने सांगितलं होतं, झाडांत जाऊ नका, यंदा खाली थर नाही. मी त्याला तुमचे आकडे दाखवले, पंडितभाई. मी त्याला म्हटलं, आमचा माणूस रोज मोजतो."

 पण एक गोष्ट शांतपणे मांडली पाहिजे. बर्फ पडणार हे मी सांगितलं, तो पडला. थराचा आकडा माझा नव्हता, निरीक्षकाचा होता.

९ फेब्रुवारी

आनंदाला फोन केला. उचलल्या उचलल्या रडायला लागला. मी म्हटलं, तू मोजत होतास की नाही? म्हणाला, पहिल्यांदा मोजत होतो. मग? "मंग तू सांगे तेच सांगे." मी फोन ठेवला. माझ्या पाठचा भाऊ इतका खोटारडा निघावा!

सुंदराला सांगितलं तर तिची सुई थांबली. म्हणाली, "तुम्ही त्यांना रोज सकाळी आकडा का पाठवत होता?" मी सॅम्पलचं समजावून सांगितलं.  ती लेसचं रीळ उचलून आतल्या खोलीत गेली.

१२ फेब्रुवारी

हितेन परतला. केयूरला विमानाने आणलं, इथल्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हितेनने केबिनमध्ये बसवून विचारलं, निरीक्षक कोण होता?

मी सगळं सांगितलं. रसोड्यातला माणूस, न मोजता आकडे द्यायचा, मी विश्वास ठेवला. त्याने ठेकेदाराचा नंबर मागितला, तोही दिला. भाऊ आहे एवढं सांगितलं नाही. आधी सांगितलं नव्हतं, आता सांगितलं तर दोघांनी मिळून फसवलं असं वाटलं असतं. हितेनने कपाळ चोळलं. म्हणाला, "तमारो वांक नथी." तुमचा दोष नाही. मला रडू आलं. हे खरं आहे, मला तिथे रडू आलं.

१४ फेब्रुवारी

ठेकेदाराने आनंदाला काढलं. सामान बाहेर टाकलं, असं सुंदराला कुणाकडून तरी कळलं. तिने माझं ताट वाढलं आणि शेजारणीकडे जाऊन बसली. गेले दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी काय करायला हवं होतं? दोघांची नोकरी गेली असती. केयूरचे पाय त्याने परत आले असते का?

१८ फेब्रुवारी

आज आनंदा आला. घरी नाही, थेट ऑफिसात. स्टेशनवरून चौकशी करत वेसूला पोचला. काचेच्या दारातून मला दिसला तेव्हा ओळखूच आला नाही. तोंड काळं ठिक्कर पडलंय, गालाची हाडं वर आलीत. एका पायात बूट आणि दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळून रबरी चप्पल. मी घाईने बाहेर जाऊन त्याला जिन्यापाशी नेलं. वॉचमन बघत होता.

म्हटलं, इथे कशाला आलास? तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "तुना शेठले सांगाले उनू. भाऊनी काही चूक नही, मन्हीच शे. तुनी नोकरी नको जावाले."

मी म्हटलं, कुणाला काही सांगू नकोस. पण एक सांग, का केलंस असं? तो खाली बघून बोलला. "तू सकायले आकडा धाडे. मी येगळं सांगं का तू चिडे. पुन्हा धाडे, पुन्हा धाडे. पाय बधिर व्हई जायेत. मंग मी म्हनं, भाऊले जितला पाहिजे तितला सांगी देऊत. दोन वरीसनंतर तू बोलाले लागना व्हता. माले वाटनं, तू नुसता आकडा कंपूटरमा भरस. त्या बरफवर मानसं येतीन, हाई माले काय ठाऊक?"

मला काय वाटलं ते लिहायला हवं. मला त्याचा राग आला. मग काहीतरी दुसरंच आलं, ते पुरतं वर येण्याआधी लिफ्ट उघडली आणि हितेन बाहेर आला.

तो थांबला. आनंदाच्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग माझ्याकडे. "कोण छे, पंडितभाई? चेहरो तो तमारा जेवो ज छे." चेहरा तर तुमच्यासारखाच आहे, म्हणे.

मी म्हणालो, "गावाकडचा आहे. ओळखीचा. कामासाठी आलाय."

हितेन आनंदाकडे वळला. "सगेवाले हो क्या?"

आनंदाने माझ्याकडे पाहिलं. फोनवर असायची तशीच शांतता, फक्त आता ती मला दिसत होती. मग म्हणाला, "नहीं साहब. गाव का हूँ. पहचान का."

हितेनला त्याच्यात काय दिसलं कोण जाणे. भला माणूस आहे हितेन. म्हणाला, "आदमी सीधा लगता है. वर गुलमर्गला नवा माणूस पाठवायचाच आहे, पंडितभाई. याला पाठवू या का?" आणि आनंदाला विचारलं, "बर्फ देखा है कभी?"

आनंदा पुन्हा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली, नाही अशी.

"नहीं साहब," आनंदा म्हणाला. "कभी नहीं देखा."